डब्याच्या लायकीचं

आमच्या गल्लीतल्या नरेंद्र काकांनी वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी बाई ठेवली, ही बातमी गेल्या एप्रिलमध्ये ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडच्या मराठी घरांतून दोन दिवसांत फिरली. बाई व्हिएतनामी. पन्नाशीची, आखूड केसांची, गळ्यात चष्म्याची दोरी. भरदुपारी काकांच्या टोयोटातून उतरली आणि तीही ड्रायव्हरच्या बाजूने. म्हणजे गाडीसुद्धा तिच्याच ताब्यात गेली होती.

ही बातमी मी पसरवलेली नाही. पद्मिनी वहिनींकडून माझ्याकडे आली, मी ती फक्त पुढे पाठवली. चारपाच जणांना. आणि खाली एक डोळा मारणारा चेहरा जोडला. शेजारी म्हणून एवढं तर करावंच लागतं.

संध्याकाळी मी काकांच्या दारात उभा राहिलो.

"काका, अभिनंदन!"

"कशाबद्दल रे विवेक?"

"आता आमच्यापासून काय लपवता? मुहूर्त कधीचा?"

काकांना कळायला अर्धं मिनिट लागलं. मग ते दाराची चौकट धरून हसले. "ती लॅन. बेलएअरच्या रस्त्यावर तिचं सँडविचचं दुकान आहे. तिच्या दुकानासमोर मी गाडी फुटपाथवर चढवली. कोणाला लागलं नाही, एक कुंडी गेली. तिने माझ्या हातातून किल्ली काढून घेतली, दुकान भावजयीवर सोडलं, मला घरी आणून सोडलं आणि उबर करून परत गेली."

"आणि लग्नाचं विचारलंत का?"

"विचारलं. म्हणाली, आधी डोळे तपासून घ्या, मग बघा मी आवडते का."

इथे बातमी संपायला हवी होती. पण तोवर ती ओहायोला पोचली होती. तिथल्या डब्लिनमध्ये काकांची मुलगी इला राहते. जन्म ह्यूस्टनचा, वय चाळीसच्या आसपास, इन्शुरन्स कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, एकटीच. तिचा मला फोन आला.

"विवेक काका, हू इज धिस लेडी? बाबा मला काहीच सांगत नाहीत, आणि ओहायोमधल्या आंटी लोक मला काँग्रॅट्स करतायत!"

काकांच्या चारित्र्याचा प्रश्न होता. मी छाती काढून सांगितलं, "अगं, तसलं काही नाही. ती बिचारी फक्त गाडी चालवत होती. तुझ्या बाबांनी गाडी फुटपाथवर चढवली ना, त्यांना कठडा दिसलाच नाही."

 

"दिसला नाही म्हणजे?" इला म्हणाली.

माझ्या आयुष्यात मी बऱ्याच खोट्या गोष्टी पुढे पाठवल्या आहेत. त्यांच्यामुळे कधी कोणाचं फारसं वाकडं झालं नाही. ही एकच खरी सांगितली.

त्याच आठवड्यात बापलेकींचं ठरलं. सप्टेंबरमध्ये काकांना एकोणऐंशी वर्षं पूर्ण होणार होती आणि लायसन्स संपणार होतं. टेक्सासमध्ये त्या वयाला लायसन्ससाठी स्वतः जावं लागतं, तिथे डोळे तपासतात. पास झाले तर काकांनी खुशाल इथे राहावं. नापास झाले तर घर विकायचं आणि डब्लिनला इलाकडे जायचं. काकांनी मान्य केलं. माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी मंगळवार होता, तेव्हा बोलले.

मंगळवारचं सांगायचं तर आधी डब्यांचं सांगायला हवं.

शरयू काकू गेल्या त्याला तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. आमच्याकडे कोणाच्या घरी असं काही झालं की पहिल्या तासात एक शीट निघते. गूगलवर. तारीख, नाव, काय आणणार. काकूंच्या वेळची शीट पद्मिनी वहिनींनी काढली आणि दोन तासांत तीस दिवस भरले. उशिरा उठलेल्यांना जागा मिळाली नाही म्हणून दोघी-तिघी रुसल्या. एरवी आम्ही लोक एकमेकांकडे अन्न पाठवतो ते दह्याच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या डब्यातून, परत द्यायची भानगड नको म्हणून. पण गेलेल्या माणसाच्या घरी दह्याचा डबा कसा न्यायचा? म्हणून सगळ्यांनी कपाटातले चांगले डबे काढले. काचेचे, झाकणाला रबर असलेले. नऊ जणींनी वांगीभात आणला. काकांना वांगं चालत नाही. त्यांनी नऊ वेळा "छान झालाय" म्हटलं.

एकतिसाव्या दिवशी शीट संपली.

त्या संध्याकाळी साडेसहाला मी कचऱ्याचे डबे आत घेत होतो. काका पोर्चवर खुर्ची टाकून बसले होते. अंगावर इस्त्रीचा शर्ट. मी हात केला, त्यांनी हात केला. वाटलं, हवा खातायत. पुढे वर्षभराने त्यांनीच सांगितलं की आत टेबलावर ताट मांडलेलं होतं. शीटमध्ये किती ओळी आहेत हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

राहिले ते डबे. तीस घरांचे, लहानमोठे धरून तेहतीस. आता दुसऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नाही, हे आपण सगळे आईच्या पदराआडून शिकलेलो. काकांना तर चहापलीकडे काही येत नव्हतं. चव्वेचाळीस वर्षं रिफायनरीत पाइपलाइन डिझाइन केल्या, पण भात लावताना पाणी कुठवर, हे काकूंच्या बोटावर मोजलं जायचं, ते बोट गेलं. देशी हॉटेलातून भरून द्यावं तर लोक म्हणणार, विकतचं दिलं. मग काकांनी वेगळंच गणित मांडलं. जे आपल्या बायकांच्या घरी कधी होत नाही ते द्यायचं. म्हणजे तुलना नको आणि विकतचं म्हणून नाक मुरडायला नको.

तसे काका गाडी काढून निघाले. शुगर लँडमध्ये पायी जाऊन मिळतं ते फक्त ऊन. पण गाडीने पंधरा मिनिटांच्या आत अर्धं जग जेवतं, हे चाळीस वर्षं इथे राहून त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. आम्ही सगळे देवळाच्या कँटीनपासून पटेलांच्या दुकानापर्यंत जाणारे. काकांनी काही नियम बसवले. पार्किंगमध्ये शिड्या बांधलेले पिकअप ट्रक उभे असतील तर आत जायचं, कारण काम करणारा माणूस दुपारी वाईट जेवत नाही. भिंतीवर पदार्थांचे फोटो असतील तर उठायचं, कॅलेंडर असेल तर बसायचं. टीव्ही आपल्याला न कळणाऱ्या भाषेत चालू असेल तर फारच उत्तम. आणि आत गेल्यावर प्रश्न एकच विचारायचा: तुम्ही स्वतः आज काय जेवलात?

अशाने लॅनचं टोफूचं सँडविच कोणाच्या डब्यातून गेलं, कोणाच्या डब्यातून अफगाणी भट्टीतली हातभर लांब रोटी चौघडी करून गेली. लोक खूश. "काका काय भारी शोधतात यार," असं ग्रुपवर यायला लागलं.

मग पद्मिनी वहिनींचा डबा भरायची पाळी आली. दिवस संकष्टीचा. पेट्रोल पंपाबाहेर एक मेक्सिकन बाई कूलरमधून तमाले विकते, मक्याच्या पाल्यात गुंडाळून उकडलेलं पीठ, आत सारण. काकांनी विचारलं, मांस? ती म्हणाली, नाही, घेवडा. पाल्यात उकडलेलं, वर गरमागरम, काकांना वाटलं वहिनींना मोदकाची आठवण येईल. वहिनींना ती इतकी आली की चंद्र बघून त्यांनी त्याचा नैवेद्य दाखवला. आणि मग खाल्ला. मुलीने "मॉम, यू डोन्ट ईट द रॅपर!" म्हणेपर्यंत अर्धा पालाही खाल्ला.

पुढच्या आठवड्यात काका पुन्हा त्या बाईकडे गेले आणि सहज विचारलं, पीठ इतकं मऊ कसं? ती अभिमानाने म्हणाली, डुकराची चरबी.

दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. काका सरळ वहिनींच्या दारात गेले आणि सांगून टाकलं. वहिनींनी दार लोटलं, देव दुधात ठेवले, स्वतः डोक्यावरून पाणी घेतलं. तरी त्या हे कोणाला सांगणार नव्हत्या. नवऱ्याला सांगितलं. नवऱ्याने मला.

मंडळाच्या समर पिकनिकला ती गोष्ट मी सांगितली. चांगली सांगितली. वहिनींचा चंद्राला केलेला नमस्कार, पाला चावतानाचं तोंड, सगळं करून दाखवलं. लोक गवतावर लोळले. हसणं ओसरल्यावर बघतो तर माझ्या मागे कागदी ताटली घेऊन काका उभे. तेही हसत होते. "वहिनींचा पदर राहिला रे दाखवायचा," म्हणाले. त्यानंतर ते मंडळात आले नाहीत.

तोवर वीसएक डबे परत गेले होते. उरलेल्यांच्या दारात काका गेले की आतून निरोप यायचा, "काका, रिकामाच द्या ना, प्लीज." काकांना रिकामा देता येत नव्हता. शेवटचे बारा डबे साखर भरून गेले. कोणी म्हटलं, "कशाला उगाच काका," आणि दारातूनच घेतले. आत या, चहा घ्या, असं किती जणांनी म्हटलं ते मी विचारलं नाही.

सगळे डबे गेले. एक राहिला. आमचा.

हा स्टीलचा, तीन पुडांचा, वरच्या झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं: "चि. सौ. नीलास, आईकडून, १९९८." नीला म्हणजे माझी बायको. सासूबाई आता नाहीत, त्यामुळे त्या डब्याचं वजन आमच्या घरात माझ्यापेक्षा जास्त आहे. तिने मला सांगितलं, "विवेक, सगळ्यांचे डबे आले, माझाच नाही. जा, आण."

मी गेलो. मंगळवार होता, दुपारी माझ्या मीटिंग्ज नसतात.

"काका, डबा."

"देणार ना. पण हा डबा साधा नाही, विवेक. ह्यात काहीही घालून चालायचं नाही. चल, बघू काय मिळतं."

आणि मला गाडीत घातलं.

तेव्हापासून दर मंगळवारी हेच. पेट्रोल पंपातल्या टाकेरियात, म्हणजे मेक्सिकन खानावळीत, निवडुंगाची भाजी आणि अंडं घातलेला टाको खाल्ला. काकांनी डोळे मिटून चावला. म्हणाले, "उत्तम. पण डब्याच्या लायकीचं नाही." एका नायजेरियन मावशींकडे लाल तिखट भात आणि तळलेली केळी. "शरयूच्या मसालेभाताची मोठी बहीण आहे ही. पण डब्याच्या लायकीचं नाही." साल्वादोरची जाड भाकरी, आत चीज, वर कोबीचं लोणचं. तीही नाही. घरी मी नीलाला सांगायचो, शोध चालू आहे. ती म्हणायची, "तुम्ही दोघं मिळून माझा डबा खाल्लात."

त्या जागांवर मी एक बघितलं. काका आत शिरले की तिथली माणसं मान वर करायची. टाकेरियातला पोळ्या थापणारा ओरडायचा, "अबुएलो!" म्हणजे आजोबा. काकांना नातवंड नाही. नायजेरियन मावशी न विचारता केळी जास्त वाढायच्या आणि काल का नाही आलात म्हणून दम भरायच्या. आमच्या गल्लीत चौदा मराठी घरं आहेत. काल का नाही दिसलात, हे काकांना तिथे विचारत होते, बेलएअरला.

मी एकदा म्हटलं, "रोज कशाला बाहेर जाता? फ्रीजरमध्ये पराठे असतात की."

"असतात. पण पराठा तव्यावर टाकला तरी तो माझ्याशी बोलत नाही."

गाडी काकाच चालवायचे. सिग्नलला थांबले की मला विचारायचे, "काय रे, हिरवा झाला का?" मला वाटायचं म्हातारा माझी फिरकी घेतोय, मी पेंगतोय म्हणून. मी ऐटीत सांगायचो, "झाला, सुटा!" दुसऱ्यांची फिरकी घेण्यात हयात गेली की असं होतं. वर्षभर मी त्यांचे डोळे होतो आणि मला वाटत होतं मी पाहुणा आहे. इतके दिवस कोणाला धडक दिली नाही, ते केवळ नशीब.

सप्टेंबरमध्ये लायसन्स ऑफिसात मीच घेऊन गेलो. वाटेत योजना आखली. मी आधी पुढे होऊन यंत्रातले आकडे वाचून घेईन आणि मागे उभा राहून खोकून सांगीन. तीन असेल तर तीनदा.

"आणि नऊ असेल तर? तुला ॲम्ब्युलन्समध्ये घालतील," काका म्हणाले. पण इस्त्रीचा शर्ट घातला होता. पोर्चवर त्या दिवशी घातला होता तोच.

खोकायची वेळच आली नाही. काकांनी यंत्राला कपाळ टेकवलं. खिडकीमागची मुलगी म्हणाली, "सर, पाचवी ओळ वाचा."

काकांनी कपाळ थोडं डावीकडे, मग उजवीकडे सरकवलं. मग अगदी हळू विचारलं, "मिस, आतला दिवा लावलाय का?"

"येस सर. इट्स ऑन."

"बरं," काका म्हणाले, आणि कपाळ काढलं.

तिने फॉर्म दिला, डोळ्यांच्या डॉक्टरकडून भरून आणायला. मला वाटलं मोतीबिंदू असेल, काढतील. डॉक्टर म्हणाला, मोतीबिंदू नाही, मागचा पडदा झिजलाय, दोन्ही डोळ्यांत. ऑपरेशन करून उपयोग नाही. उभ्या माणसाचा आकार दिसेल, चेहरा दिसणार नाही. गाडी बंद.

परत येताना मी चालवत होतो. पहिल्या सिग्नलला काका सवयीने म्हणाले, "हिरवा झाला का?" आणि मग म्हणाले, "तुलाच बघायचंय आता."

पद्मिनी वहिनींनी त्याच संध्याकाळी नवी शीट काढली. काकांना कोण कधी कुठे सोडणार. वहिनी मनाने वाईट नाहीत, पहिल्या ओळीत स्वतःचं नाव. दोन तासांत महिना भरला. मी फोनवर ती काकांना वाचून दाखवली.

"शेवटची तारीख कुठली?" त्यांनी विचारलं.

"ऑक्टोबरची एकतीस."

"हं," एवढंच म्हणाले.

मग इला आली. मी तिला सांगितलं, "नेऊ नकोस गं. मी आहे ना. दर मंगळवारी नेतो त्यांना."

ती चिडली नाही. "आय नो, विवेक काका. यू आर स्वीट. आणि बाकीचे सहा दिवस?"

 

अंगणात विक्रीची पाटी लागली. ऑक्टोबरच्या शेवटी काका जायचे होते. आदल्या दिवशी मी त्यांना त्यांच्या सगळ्या जागी फिरवलं. काकांनी कोणालाही जातोय म्हणून सांगितलं नाही. लॅनला तेवढं सांगितलं. ती काउंटरबाहेर आली, काकांच्या शर्टाचं वरचं बटण लावलं आणि आत गेली. नेहमीचं सँडविच तिने दोन कागदांत गुंडाळलं होतं. मी ह्यावर कोणाला काही पाठवलं नाही.

सकाळी नीला म्हणाली, "आता तरी डबा आण. तो ओहायोला गेला तर मी तुला तिकडे पाठवीन."

काकांच्या घरात खोकी होती, आणि मध्ये एक खुर्ची. इला वरती कपाटं आवरत होती. काकांनी मला एक गुंडाळी दिली. जुन्या पाइपलाइनच्या ड्रॉइंगची पाठकोरी बाजू. त्यावर सगळ्या जागांचा नकाशा, इंजिनियरच्या सरळ अक्षरात. हायवे सिक्स, बेलएअर, पेट्रोल पंप, प्रत्येकाशेजारी माणसाचं नाव आणि काय मागायचं. कडेकडेची अक्षरं मोठी होत गेलेली. शेवटच्या दोनतीन जागा हाताच्या पंजाएवढ्या.

"हा तुला. मंगळवारी उपाशी मरशील," म्हणाले.

"आणि डबा?"

त्यांनी पायाजवळच्या हँडबॅगेवर हात ठेवला. वरची चेन अर्धी उघडी होती, आतून स्टील चमकत होतं. खोक्यात नव्हता भरला, हातातल्या सामानात होता.

"काका, हे बरं नाही. नीलाच्या आईचा आहे. पावणेदोन वर्षं झाली, आता काय अमेरिकेतला प्रत्येक पदार्थ चाखून मग देणार का?"

"नाही द्यायचा."

"का?"

काकांनी माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं आणि म्हणाले, "बाकीचे सगळे भरून परत केले, त्यातल्या एका घरातून तरी कोणी पुन्हा आलं का? तुझा ठेवला म्हणून तू दर मंगळवारी आलास. डबा हवा असेल तर ये ओहायोला."